तिरकी धरलेली ताटली

सुचावा, उत्तर रोमानिया. मार्च सरत आलाय,
बाहेर बर्फ काळवंडलंय, आत हीटर कुरकुरतो.
नळी क्रमांक एकशे सतरा:
घोडी, तांबूस, वय अकरा, मालक इलारियोन प्रोदान,
धंदा जंगलातून ओंडके ओढण्याचा.
जनावराचं नाव लिहायची गरज नसते.
त्याने लिहवून घेतलंय: स्टेलुत्सा.

एलायझाला घाई असते.
शहाण्णव खळगे, एकेक थेंब, जेवणाच्या सुट्टीआधी निकाल.
एकशे सतराचा खळगा निळसर झाला,
आम्ल टाकल्यावर पिवळा,
म्हणजे लिंबू पिळलेला चहा असतो तेवढाच.
आकडा मर्यादेच्या किंचित वर.
ती अशीच. पान हललं तरी भुंकते;
चोर सहसा सुटत नाही, पण पाहुणाही अडकतो.

म्हणून अगर.
थिजवलेली जेली, तिच्यात सात भोकं.
मधल्यात विषाणूचं प्रथिन, बाजूला बाधित म्हणून माहीत असलेलं रक्त,
त्याच्या शेजारी स्टेलुत्साचं.
झाकण लावायचं आणि घरी जायचं.
आतले दोघे आपापल्या जागेवरून सरकत येतात,
भेट झालीच तर मध्ये कुठेतरी
केसाएवढी पांढरी रेघ.
अठ्ठेचाळीस तास. त्याआधी डोकावून उपयोग नाही.

पारास्किवा निवृत्त होताना म्हणाली होती,
एकीचे कान तिखट, दुसरीचे डोळे मंद,
दोघींचं जुळेपर्यंत सही करू नकोस.

या आजारात रक्त विसरत नाही,
कारण आजार जात नाही.
ताप उतरतो, घोडी चारा खाते, कामाला लागते,
आणि गोमाशी एका पाठीवरून उठून दुसऱ्या पाठीवर बसते.
होकार आला तर औषध लिहायचं नसतं.
ट्रक पाठवायचा असतो.

काल इलारियोनचा फोन. निकाल विचारला नाही.
तिला सफरचंदाची सालं आवडतात म्हणाला,
हे कुठं लिहिता येतं का.

आज दिव्याखाली ताटली तिरकी धरली.
माहितीतल्या रक्ताची रेघ ठळक.
स्टेलुत्साच्या भोकापाशी येऊन ती
जराशी मध्याकडे वळते.
की मलाच तसं वाटतं?
चष्मा पुसला. दिवा हलवला. ओअनाला बोलावलं.
ती म्हणाली, वळते. मग म्हणाली, थांब.

रकान्यात दोनच शब्द मावतात, आहे किंवा नाही.
मी समासात लिहिलं: पुन्हा रक्त मागवावे.
तीन आठवडे.
तोवर घोडी वेगळी बांधा म्हणून कळवलंय.
थंडी आहे अजून,
गोमाश्या उठलेल्या नाहीत.