अडतीस

नवं मशीन आलं तेव्हा दस्तगीरमामा म्हणाले,
"आम्ही नाकाशी कापूस धरायचो."
अंबाजोगाईत बहुतेकांनी तसंच भागवलं.

आज टेबलावर चनईची कौसाबाई,
वीटभट्टीवरची.
नळी घातली. पडद्यावर रेघ
सपाट.
मॅडमनी ती काढली, काही न बोलता
पुन्हा घातली.

एक चढ, वर पठार, मग कडा तुटल्यासारखा उतार.
आपला बालाघाटच.
दुसरा. तिसरा.
सहा मोजल्याशिवाय मॅडमनी पट्टी चिकटवली नाही.

अडतीस.
उच्छ्वासातलं टाकाऊ, कुणाच्याच कामाचं नसलेलं;
त्याच्यावरूनच कळतं, बाई आहे.

बाहेर तिचा लेक,
"मायचा दम चालू हाय का?"
मी बोटानं हवेत डोंगर काढतो,
एकापुढं एक.
तो बघत राहतो.
"असल्याच डोंगराखाली
आमची भट्टी हाय, साहेब."