चाळीस शब्द, दर बारा रुपये

मंडळाचं पत्र उन्हाळी सुट्टीत आलं:
चित्रकलेच्या परिभाषेसाठी चाळीस शब्द,
मराठी पर्याय सुचवावेत, सोपे पण संस्कृतनिष्ठ.
उरकुडे सर 'पण'वर जरा थांबले,
मग खिशात कोरी कार्डं घालून निघाले.
मागे मी, सातवीतली,
पेन्सिल अन् खोडरबर सांभाळणारी.

पहिलाच शब्द फ्रेस्को.
दशरू मिस्त्री पंचायतीच्या भिंतीला गिलावा करत होता.
ओल्यावरच रंग दिला तर?
"थो भिताडात जाते, गुर्जी.
वाळल्यावर देल्ला त नुसता वर बसते, दिवाळीलेच पोपडे.
पन ओल्याचं काम म्हंजे
सांजलोक जेवढं होईन तेवढंच लिपाचं.
चुकलं त भिताड आयकत नाही."
सरांनी लिहिलं: ओलचित्र.
खाली बारीक अक्षरात: सांजेपुरतं.
तिकडच्या मिस्त्र्यांचंही माप हेच असणार, म्हणाले,
आणि दशरूच्या चुनाळ हातातून चहा घेतला.

लोपबिंदू कोशातच होता.
तरी मला छोट्या लाइनीवर नेलं,
जिथे गाडी येत नाही आता,
रुळांमध्ये वाळका तरोटा.
"बघ, लाडखेडकडे दोन्ही रूळ एक होतात."
मी पळत सुटले. बरंच पळले.
रूळ अडीच फूट ते अडीच फूटच.
धापा टाकत परत आले, म्हटलं, सर, नाही होत.
ते हसले. कार्डावर काही खोडलं नाही.

छायाप्रकाशासाठी कुठे जावं लागलं नाही.
लाइन गेलेली, सगीराबी कंदिलापाशी
कुमऱ्यांच्या पोरीच्या हातात बांगड्या भरत होती.
पोरीचा एक गाल पितळेचा,
दुसरा नव्हताच.
सर दारात उभे, कार्ड काढायचं विसरून.
"मास्तर, आत या नाहीतर जा,
वाऱ्यानं कंदील फडफडतो."

गावाबाहेरच्या हेमाडपंती देवळात
एक बाई आहे, डोकं नसलेली,
सगळा भार डाव्या पायावर.
सरांनी त्रिभंग लिहिलं, खोडलं.
"त्रिभंग नाचतो. ही नुसती दमून उभी आहे,
रांगेत असल्यासारखी."
ते कार्ड कोरंच राहिलं.

रेनेसान्सला कोश म्हणतो पुनरुज्जीवन.
हा शब्द म्हणून होईपर्यंत
उठून बसलेला परत मरेल, सर म्हणाले,
आणि येनूबाईच्या ओट्यावर टेकले.
गावातली निम्मी माणसं तिच्या हातून आलेली.
"जलमलेलं पुन्हा कसं जलमन रे, बह्याडा?"
मग अडकित्ता थांबला.
"एखांदं मुकं येते. निळंजांभळं, रडं ना श्वास.
त्याच्या कानापाशी मी थाळी वाजवतो,
गरम-थंडं पानी मारतो, तोंडात फुकतो.
मंग बोंबलते थे.
त्याले आमी म्हनतो उलटून आलेलं."

सरांनी पेन्सिलीनं तेच लिहिलं.
घरी येईस्तोवर दोनदा कार्ड काढून वाचलं.
सकाळी माझ्याकडे खोडरबर मागितला,
वर शाईनं, शुद्ध अक्षरात: पुनरुज्जीवन.
मी काही बोलले नाही. सातवीत होते.

मनीऑर्डर चारशे छप्पनची आली,
दोन कार्डं कोरी म्हणून चोवीस कापले.

आता बिस्किटांचा तो डबा माझ्याकडे आहे.
कार्ड खिडकीशी तिरपं धरलं
की शाईखाली येनूबाईचे शब्द खड्ड्यांनी उमटतात.
यालाही तिकडे एक शब्द आहे, पेंटिमेंतो:
चित्रकारानं बदललेली रेघ
वर्षांनी रंगातून परत डोकावते ती.
यादीत एकोणचाळिसावा. दुसरं कोरं कार्ड.
मूळ अर्थ पस्तावा, पण पस्तावा म्हटलं
की पुसलेल्या रेघेला फार रडायला लागतं.
मी कितीदा पेन्सिल टेकवून उचलली.
दशरू असता, तर विचारलं असतं.