फरक स्पष्ट करा

सराव परीक्षा. प्रश्न सातवा, गुण पाच:
विखंडन आणि संमीलन, फरक स्पष्ट करा.
मध्ये उभी रेघ, दोन्हीकडे पाच-पाच मुद्दे.
लातुरात आम्ही हे असंच शिकवतो,
घड्याळ लावून.

एकशे बेचाळीस पेपर. दीडला लाइट गेली.
इन्व्हर्टरच्या पिवळट उजेडात मी टिक करत जातो:
जड अणू फुटतो, बरोबर.
हलके अणू जुळतात, बरोबर.
उदाहरण, सूर्य. सगळेच लिहितात.
मे महिन्यात औसा रोडवर उभ्या माणसाला
त्याचा पुरावा लागत नाही.

मग तहसीन कोतवालचा पेपर. उदगीरची,
मागच्या बाकावर बसते, खिडकीकडे.
तिनं रेघच मारलेली नाही.

लिहिते:
एका अणूचा हिशोब केला तर फोडण्यात जास्त मिळतं,
किलोचा केला तर जोडण्यात.
म्हणजे माप कोणाचं, ते आधी विचारावं.
(वडिलांची मोंढ्यात आडत असणार.)

फोडणं आपल्याला कधीचंच जमलंय.
एक न्यूट्रॉन पुरतो,
थप्पीतली खालची गोणी ओढावी तसा;
पुढचं सगळं कौशल्य आवरण्याचं.
जोडायला दहा कोटी अंश लागतात,
आणि इतकं तापलेलं ठेवायला भांडंच नाही.
चुंबकानं अधांतरी धरायचं,
भिंतीला लागू न देता.
लागलं तर काही उडत नाही, सर,
नुसतं विझतं.

राखेबद्दल तिनं पान उलटून लिहिलंय.
आमच्या घरी एक मोडी कागद आहे,
खाली उर्दू शिक्का.
शिक्का मला वाचता येतो. कागद कुणालाच येत नाही.
शंभर वर्षंही नाहीत झालेली.
मग चोवीस हजार वर्षांनी जे निम्मं उरणार
त्याच्यावर ‘इथे खणू नका’
कोणत्या लिपीत लिहायचं?
जोडण्याची राख म्हणजे फुग्यातला हेलियम.
भट्टीच्या भिंती मात्र नासतात;
पणतवंडांपर्यंत निवळतील, म्हणतात.

आणि शेवटी, घाईत, शाई बदललेली:
दोन्हीकडे अखेर पाणीच उकळायचं ना, सर?
वाफ, चक्र, तार.
मामू परळीच्या थर्मलला होते.
ते सांगतात, त्या वर्षी यार्डात कोळसा होता,
पाणी नव्हतं. संच थंड पडले.
तर फरक लिहिताना हे लिहू का,
की इथे फरक नाही?

वेळ संपल्याची घंटा झाली असावी.
पुढे एक टिंब आहे नुसतं.

वडीलही हेच शिकवायचे, अंबाजोगाईला.
त्यांच्या पुस्तकात समासात पेन्सिलीनं:
‘संमीलन, अजून तीस वर्षे’. तारीख चौऱ्याऐंशीची.
मीही दर बॅचला तीसच सांगतो.
आकडा घरात असल्यासारखा झालाय,
कोणी खोडत नाही.

उत्तरसूचीत बघितलं.
मोडीला गुण नाहीत. मामूंना नाहीत.
रेघ नसल्यास एक वजा.

सव्वाचारला खाली टँकरचा हॉर्न.
पेपर तसाच ठेवून पळालो.
पाइप दोन, तोंडं वेगळ्या मापाची,
सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली
तरी जोड फुरफुरत राहतो.
वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या,
घट्ट धरा हो, निम्मं रस्त्यावर चाललंय.

धरलं दोन्ही मुठींनी.
बोटांच्या फटीतून येत होतंच थोडं,
कोपरापर्यंत गार.
टाकी भरायला वीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात पाच पेपर झाले असते.