'ग'ची बाधा

आमच्या दुकानाचा बोर्ड रंगवताना
बाबालाल मुजावरांना जागा पुरली नाही.
मोटार रिवाइंडिंग, फिटिंग, वायरिं
आणि उरलेला ग खालच्या ओळीत, एकटाच,
टांगल्यासारखा.
गिऱ्हाइकं म्हणायची, दुकानाला 'ग'ची बाधा झालीय.
अप्पा हसायचे, तांब्याची तार गुंडाळत राहायचे.

मगदूम सर जळालेला पंप घेऊन यायचे
आणि बाकावर बसून माझं इंग्रजी तपासायचे.
हे शेपूट पूर्वी एक नव्हतं, पोरी.
एक कामाला नाव द्यायचं,
दुसरं चालू कामात हात घालून उभं असायचं.
बोलून बोलून जिभांनी दोन्ही झिजवली,
एकात एक मिसळली.
आपल्यात अजून वेगळी आहेत बघ:
गुंडाळणं. गुंडाळत.
हरिपूरला जा. वारणा येऊन मिळते तिथं,
पुढं वाडीपर्यंत कुणी तिचं नाव घेतं का?

मी सायकलवरून गेले.
जरा अंतर पाणी दोन रंगांचं वाटलं,
मग म्हशी उतरल्या आणि काही कळेना.

अप्पांचे हात थरथरायला लागले.
चाळिसाव्या वेढ्यानंतर मोजणी चुकायची.
पाडव्याच्या आधी त्यांनी दुकान गुंडाळलं.
शटरवर बोर्ड तसाच आहे,
रिवाइंडिंगसकट, लोंबत्या ग सकट.

काल दुपारी चहा घेऊन गेले
तर खुर्चीत डोळे मिटलेले,
आणि बोटं मांडीवर हळूहळू फिरतायत,
एकोणचाळीस, चाळीस,
परत एकपासून.

सर असते तर विचारलं असतं,
हे कुठलं.