नवव्या मजल्यावर मधमाशी येत नाही

टॅलिनमध्ये, नवव्या मजल्यावर
मधमाशी येत नाही.
म्हणून हेल्वे रोज सकाळी
एंडेलचा विजेचा टूथब्रश
फुलांच्या देठाला टेकवते.
घुर्रर्र. बोटावर पिवळी धूळ.
एंडेलचे दात मार्चमध्येच गेले,
एंडेलसकट.

टोमॅटोची झाडं गुडघ्याएवढी,
याहून वाढणार नाहीत
असं पाकिटावरच छापलेलं.
तिला तेच हवं होतं:
कठड्यापलीकडची समुद्राची करडी रेघ
झाकली जाता कामा नये.

रात्रीचे अकरा. उजेड आहे अजून.
शेजारचा ग्लेब पत्र्याआडून डोकावतो,
"पिकले का?"
"एक."
सुरी, मीठ, दोन बशा.

आंबटढाण.
"पुढच्या वर्षी गोड जातीचं लाव,"
डोळे मिचकावत तो म्हणतो.

पुढच्या वर्षी.

ती आत जाते,
ब्रश चार्जिंगला लावते.