गुंजेचा पंधरावा भाग

"शेवटच्या कॅप्सूलनंतर एक रात्र जाऊ द्या.
त्रास सुरू झाला की या,
त्याआधी नको,"
डॉक्टर मुनीरा तडवी म्हणाल्या होत्या.
तसाच आलो.
जळगावचा मे, बाहेर सेहेचाळीस,
आणि माझ्या दोन्ही हातांवर थंडीचा काटा.
नाक गळतंय, जांभईवर जांभई,
बाकाखाली पाय लाथा झाडतायत
दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.

कोकिळा सिस्टर अमळनेरच्या.
नाडी बघितली, बाहुल्या बघितल्या,
कागदावर आकडे मांडले,
गोळी चुरून जिभेखाली ठेवली.
"गिळू नको हां भाऊ. बोलूबी नको.
इरघळू दे."
आणि रजिस्टरात लिहिलं : दोन.
दोन मिलिग्रॅम.

हसलो असतो, पण तोंड मिटून ठेवायचं होतं.
वीस वर्षं सराफ बाजारात
पंखा बंद करून, श्वास धरून तोललंय मी.
आजोबांच्या पितळी डबीत अजून गुंजा आहेत,
लाल, काळ्या डोळ्याच्या.
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.
दोन मिलिग्रॅम म्हणजे
नथीला कानस लावताना
नखात अडकतो तेवढा कीस.
एवढ्यानं काय होणार?

झालं थोडं. काटा बसला, नाक थांबलं.
पहाटे तीनला सगळं परत आलं,
हाडांच्या आतून, पाठीच्या त्याच मणक्यातून
जिथून हे सुरू झालं होतं,
ओणवं बसून बसून.

दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी सहा.
सहावर चिमटा हातात टिकू लागला,
पण मेडिकलच्या दुकानापाशी
पाय आपोआप हळू व्हायचे.
"तलफ येस का आजूनबी?" सिस्टरनी विचारलं.
नाही म्हणालो.
मेव्हणा सगळ्यांना सांगत होता,
एक सोडली नि दुसरी धरली.
म्हणून मला घरी सांगायला
लहानात लहान आकडा हवा होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"गिऱ्हाइकाला कमी तोलून देता का तुम्ही?"

त्यांना ठाऊक नव्हतं.
दिलं होतं मी.
आधी ब्रशखालचा कीस, मग दीड ग्रॅम, मग तीन.
शेठजींनी पोलीस बोलावले नाहीत.
माझी बैठक खिडकीतून उचलून दाराशी आणली,
वर कॅमेरा लावला.
आता बसताना तोल, उठताना तोल,
आणि घटीची एक वेगळी वही, माझ्या एकट्याच्या नावाची.
मी खाली बघून म्हणालो,
"येते. तलफ येते."

मग आठ.
मग दहा, आणि दहावर
शेवभाजीच्या ताटावर डोळे मिटले,
घास हातात तसाच.
सरलानं माझी बोटं ओल्या फडक्यानं पुसली,
एक शब्द बोलली नाही.
तिचं ते न बोलणं मला जुनं ओळखीचं.
सकाळी मी स्वतःच सांगितलं, दहा जास्त होतात.
परत आठ.

आठवर थांबलंय सध्या.
रिकाम्या वेळी हिशेब केला :
गुंजेचा पंधरावा भाग.
आजोबांच्या एका गुंजेत
पंधरा माणसांची एक रात्र.
"किती दिवस?" मी विचारतो.
डॉक्टर तारीख देतात, पुढच्या सोमवारची.

परवा टीव्ही बघताना मला जांभई आली.
सरला कळण्यासाठी ज्वारी-उडीद निवडत होती,
तिचा हात सुपात थांबला.
पोरानं आवाज बंद केला.
दोघं माझ्याकडे बघत राहिली.
मी बाही वर सारून पाहिली. काटा नव्हता.
नाक कोरडं. पाय जागेवर.
"झोप येतेय," मी म्हणालो.
सरलानं घड्याळ बघितलं. साडेदहा.
"मग झोपा ना," म्हणाली.

दिवा मात्र तिनं बराच वेळ घालवला नाही.