उखळी

एक्स-रे उजेडाच्या पेटीला लावून
डॉक्टर हिरेमठ आधी नर्सशी कन्नडात बोलले,
मग माझ्याकडं बघत मराठीत:
खुब्याचं डोकं गोल नाही म्हणावं तसं,
मानेपाशी जरा उंचवटा आहे,
मांडी पोटाशी नेलीस की तो उखळीच्या काठाला घासतो.
रोग नव्हे. घडण.

मी बावीसची. कडोलीच्या मैदानावर कबड्डी.
चढाईला खाली वाकलं की
जांघेत आतून कुणी चिमटा काढतं,
सहा महिने हे आईलाही बोलले नव्हते.
"किती दिवस दुखूलालंय?" बाबांनी तिथंच विचारलं,
डॉक्टरांच्या आधी.

बाबा उद्यमबागेत टर्नर.
एक्स-रे त्यांनी जॉबसारखा हातात घेतला,
एक डोळा मिटला,
माझ्या हाडाची कड अंगठ्यानं चाचपली फिल्मवरून.
"दोन-तीन एम.एम. जास्त आलंय.
लेथवर असतं तर एका कटात काढलं असतं."
हसले. मग ते हसू कुठं ठेवावं
त्यांनाच कळेना.

डॉक्टर म्हणाले, कॉलेजच्या पोरापोरींचे फोटो काढले आम्ही,
काहीच न दुखणाऱ्या, पळणाऱ्या.
कुणाची उखळी खोल, कुणाची बशीगत उथळ,
कुणाची मान आखूड.
पुस्तकातलं गोल डोकं हुडकावं लागलं.

त्यात आमच्या संघाची शिवलीलाही होती.
तिचा उंचवटा माझ्याहून मोठा, तिनंच सांगितलेलं.
परवा ती दोन्ही टाचा टेकून
तासभर उकिडवी शेंगा फोडत होती
आणि वर मलाच म्हणत होती, बस की गं.

मग मलाच का?
"त्याचं मशीन नाही आमच्याकडं," डॉक्टर म्हणाले.
"दीड महिना खोल वाकू नको,
कंबरेला ताकद आण. मग बघू."

बाहेर बाकावर सरकून जागा करत
एक बाई म्हणाली, कूड्री.
कन्नडात बसणं आणि जुळणं
जवळपास एकाच शब्दात भागतं.
मी बसले, उजवी मांडी जरा बाहेर काढून.
कधीपासून अशीच बसते, आठवत नाही.

गाडीची चेन उतरली होती.
बाबा खाली बसले,
डावा पाय सरळ,
उजवा गुडघा लांब बाहेर फेकलेला, टाच अधांतरी.
मला वाटायचं ती त्यांची लकब.

एक्स-रे मी हँडलला अडकवला.
"चाक फिरव गं," ते म्हणाले.
फिरवलं.